वाचकांचे प्रश्न : गाडीखालची हवा आणि घरी केलेली पट्टी

या अंकासाठी आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयाचे आहेत : स्वस्त आणि वाकणाऱ्या मालातून गाडीला हवा कापणारे, म्हणजे हवेचा विरोध कमी करणारे भाग घरी कसे करायचे. कोल्हापूरच्या आसपासच्या रस्त्यांसाठी वाकणारा माल निवडणे हा शहाणपणाचाच निर्णय आहे. फायबरची पट्टी पहिल्या गतिरोधकाला तडकते, रबराची वाकून पुन्हा सरळ होते. मात्र भाग कुठे वाकला पाहिजे आणि कुठे अजिबात हलता कामा नये, हे आधी ठरवावे लागते. खालचे बरेचसे प्रश्न तिथेच अडलेले आहेत.

माझ्या हॅचबॅकच्या पुढच्या बंपरखाली ४ मिमी सनपॅकची १० सेंमी उंच पट्टी नट-बोल्टने लावली. गावात ठीक होती. हायवेला किणी टोलनाक्याच्या पुढे ८० चा वेग घेतला की फडफडायची. आठवडाभरात बोल्टच्या भोकांपासून फाटली. जाड शीट घेऊ की रबर लावू?
— एक वाचक, उद्यमनगर

जाडी वाढवण्याआधी शीटची दिशा तपासा. सनपॅक, म्हणजे फ्लेक्सबोर्डवाल्यांकडची पन्हाळीदार पॉलिप्रॉपिलिन शीट, आतल्या नळ्यांच्या दिशेने कडक असते आणि नळ्यांना आडवी सहज वाकते. बंपरखालच्या पट्टीत नळ्या उभ्या हव्यात. मग पट्टी बंपरच्या गोलाईभोवती आपसूक वळते आणि वाऱ्यासमोर ताठ उभी राहते. नळ्या आडव्या आल्या की ती खालच्या मोकळ्या कडेला लवते, सुटते, पुन्हा लवते. तीच फडफड. त्यात प्रत्येक हेलकावा भोकाच्या एकाच कडेवर येतो आणि शीट तिथून चिरत जाते.

दुसरी गोष्ट उंचीची. पट्टीची खालची कड गाडीच्या पोटाखालील सर्वांत खालच्या भागाच्या, म्हणजे बहुधा क्रॉसमेंबर (चासीचा आडवा पट्टा) किंवा सायलेन्सरच्या पातळीपर्यंत आली की पुरे. त्याखाली गेलेला प्रत्येक सेंटिमीटर हवेला नवा अडथळा होतो. बहुतेक हॅचबॅकना ४ ते ६ सेंमी पुरतात. चार माणसे आणि सामान भरून गाडी जमिनीपासून किती उंच राहते ते मोजा आणि मगच कापा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गावागावांत घातलेले अरुंद, उभ्या चढाचे उंचवटे या मापात बसत नाहीत, म्हणून पट्टी घासणार हे धरूनच ती बनवायची.

माल म्हणाल तर या कामाला रबरच बरे. साखर कारखाने आणि खडी क्रशरवरून निघालेला कन्व्हेयर बेल्ट भंगारात मिळतो. ५ ते ६ मिमी जाडीचा, नायलॉनच्या कापडी थरांचा तुकडा निवडा. पोलादी तारांचा बेल्ट घेऊ नका, कापता येत नाही आणि घासून बाहेर आलेली तार दुसऱ्याच्या पायाला लागते. गोठ्यातली रबर मॅट स्वस्त दिसते, पण ती फार जाड आणि जड असते, बंपरच्या प्लॅस्टिकला तिचे वजन सोसत नाही.

आधी जुन्या फ्लेक्सवर किंवा पुठ्ठ्यावर साचा कापून बंपरला चिकटपट्टीने लावून बघा. दोन्ही टोके चाकाच्या कमानीच्या ५ सेंमी अलीकडे संपवा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे टेकत नाही ना, हे बघा. बेल्ट पात्याच्या चाकूने कापताना पात्यावर साबणाचे पाणी सोडत राहा, नाहीतर पाते रबरात अडकते आणि निसटून हात कापतो. वरच्या कडेपासून किमान १५ मिमी आत, दर १२ ते १५ सेंमीवर ८ मिमीचे भोक पाडा आणि त्यात एम६, म्हणजे ६ मिमीचा, बोल्ट घाला. जास्तीची दोन मिमी मोकळीक उन्हात प्लॅस्टिक वाढते म्हणून. नायलॉक (आत नायलॉनचे कडे असलेला) नट वापरा, साधा नट हादऱ्याने सुटतो.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही की बोल्टच्या डोक्याखाली सुटे वॉशर न घालता २५ मिमी रुंद, २ मिमी जाड अॅल्युमिनियमची पट्टी सलग घाला. बंपर, रबर आणि बाहेरून ही पट्टी. ताशी १०० किमीला १.४ मीटर लांब आणि ६ सेंमी उंच पट्टीवर हवेचा सुमारे ४ किलो भार येतो. एवढा भार दहा भोकांवर आला तर रबरही हळूहळू फाटते, सलग पट्टीखाली दबले की वर्षानुवर्षे टिकते. वरची कड अशी घट्ट आणि खालची मोकळी ठेवली की फडफड थांबते आणि गतिरोधकाला लवचीकपणाही उरतो.

सनपॅकच वापरायची असेल तर खालच्या कडेला १६ मिमीची ठिबकची नळी लांबीत चिरून बसवा. कड घासून उसवत नाही, आणि नळ्यांत चिखल शिरत नाही.

पुण्याला महिन्यातून चार-पाच फेऱ्या होतात. संपूर्ण गाडीचे पोट खालून सनपॅकने झाकले तर मायलेज वाढेल असे वाचले. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, ताराबाई पार्क

संपूर्ण पोट झाकू नका. पुढचा बंपर ते इंजिनखालचा क्रॉसमेंबर एवढ्याच भागाला सनपॅकचा ट्रे करा. तो साधारण ६० ते ७० सेंमी लांब आणि मीटरभर रुंद येतो. बऱ्यापैकी फायदा तिथेच मिळतो, कारण बंपरखालून घुसलेली हवा इंजिनच्या खाचाखोचांत आपटते ती याच जागी.

मागे जाऊ नका असे म्हणण्याचे कारण उष्णता. पॉलिप्रॉपिलिन सुमारे १०० अंशांना मऊ पडते, १६० च्या पुढे वितळते, आणि एकदा पेटले की जळते थेंब गाळत राहते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा डबा, काहीशे अंशांपर्यंत तापतो. त्याच्या खाली, शेजारी किंवा त्याच्याकडून येणाऱ्या गरम हवेच्या वाटेत प्लॅस्टिक किंवा रबर अजिबात नको. साध्या सायलेन्सर पाइपपासूनही किमान १० सेंमी अंतर ठेवा. काही गाड्यांत कन्व्हर्टर इंजिनला अगदी चिकटून पुढेच असतो. तशा गाडीला हा ट्रे करूच नये. इंजिनमधून तेल गळत असेल तर आधी गळती काढा. तेल प्यालेला ट्रे गरम इंजिनखाली ठेवणे धोक्याचे आहे.

बसवताना शीटच्या नळ्या गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवा, म्हणजे दोन टोकांच्या मधे ती झोळ धरत नाही. पुढची उघडी टोके गरम हवेच्या गनने मऊ करून दुमडा किंवा पट्टीत दाबा. तशीच उघडी राहिली तर पहिल्या पावसात नळ्या लाल चिखलाने भरतात आणि ट्रे बघता बघता दुप्पट जड होतो. शीटला ठिकठिकाणी १० मिमीची पाणी निचऱ्याची भोके पाडा. ऑइलच्या ड्रेन प्लगखाली १५ सेंमी चौरस खिडकी ठेवा. टोइंग हुक आणि जॅकच्या जागा मोकळ्या सोडा.

एकापेक्षा जास्त तुकडे जोडायचे झाल्यास ते छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवा. पुढच्या तुकड्याची मागची कड जमिनीच्या बाजूला, मागच्या तुकड्याची पुढची कड तिच्या वर लपलेली. उलटे केले तर वारा सांध्यात शिरून सगळे खाली ओढतो. हेच तत्त्व बांधणीलाही लावा. पुढची कड सर्वांत मजबूत, बोल्ट आणि अॅल्युमिनियम पट्टीने. मागची कड काळ्या केबल टायने. काही अडकलेच तर आधी टाय तुटले पाहिजेत. पुढची कड आधी सुटली तर ट्रे फावड्यासारखा रस्ता उकरतो आणि चाकाखाली जातो.

भोके फक्त प्लॅस्टिकमध्ये पाडा, चासीत किंवा फ्लोअरच्या पत्र्यात नको. तिथून गंज धरतो, आणि पत्र्यालगतच ब्रेकची आणि इंधनाची नळी असते. कंपनीचेच रिकामे बोल्ट आणि क्लिपा शोधा, बहुतेक गाड्यांत सापडतात. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांच्या पोटाला हात लावू नका. पंचगंगेचे पाणी रस्त्यावर आलेले असताना असा ट्रे लावून पाण्यात घालणे टाळा. पुढून आलेली पाण्याची लाट ट्रेवर चढली की बंपरच्या क्लिपा उपसून काढते.

हिवाळ्यात रेडिएटरसमोरची जाळी झाकली तर इंजिन लवकर गरम होते म्हणून वरची-खालची दोन्ही जाळी झाकली. रत्नागिरीहून परत येताना आंबा घाटात तापमानाचा काटा वर चढला. आता पूर्ण काढावे का?
— एक वाचक, मलकापूर

दोन्ही झाकणे चूकच होते. खालची जाळी उघडी ठेवा, वरच्या जाळीचा फक्त एक तृतीयांश भाग झाका आणि ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे छोटे यंत्र) लावून कूलंटचे तापमान बघा. बहुतेक गाड्यांत सपाट रस्त्यावर ते ८५ ते ९५ अंशांत स्थिर राहते. झाकल्यानंतर पंखा पूर्वीपेक्षा जास्त वेळ फिरू लागला तर तुम्ही मर्यादा ओलांडलीत. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, त्यामुळे एसी कमी थंड करू लागणे हाही इशाराच. टर्बो डिझेलमध्ये इंटरकूलर (टर्बोतून इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी) कुठे आहे ते पाहून ती बाजू मोकळी सोडा.

आंबा, फोंडा, करूळ, भुईबावडा अशा कोणत्याही घाटात चढताना वेग कमी, इंजिनावर भार जास्त आणि समोरून येणारी हवा नगण्य असते. झाकण दोन मिनिटांत हाताने काढता येईल असे वेल्क्रो पट्टीवर किंवा क्लिपांवर लावा आणि घाटाच्या पायथ्याशी काढा. मार्चपासून ते लावूच नका.

त्याहून चांगले काम फार थोडे लोक करतात. बंपरची जाळी आणि रेडिएटर यांच्या बाजूंना बोटभर फटी असतात, आत आलेली हवा रेडिएटरमधून न जाता तिथून निसटते. त्या फटी १० ते १५ मिमी जाडीच्या बंद छिद्रांच्या ईपीडीएम रबराच्या फोमच्या पट्ट्यांनी बुजवा. साधा गादीचा स्पंज नको, तो पाणी शोषून कुजतो. आलेली सगळी हवा कामाला लागली की जाळी थोडी झाकूनही इंजिन थंड राहते.

सनपॅक कोणत्याच गोंदाने चिकटत नाही. दुहेरी टेपही दोन दिवसांत निघते.
— एक वाचक, इचलकरंजी

चिकटणार नाही. पॉलिप्रॉपिलिनचा पृष्ठभाग जवळजवळ कोणत्याच गोंदाला धरू देत नाही. या मालासाठीचा खास प्रायमर लावून अॅक्रिलिक फोम टेप काही प्रमाणात बसते, पण वाऱ्याचा भार सोसणाऱ्या भागात गोंदावर विसंबू नका. ४.८ मिमीचे मोठ्या डोक्याचे पॉप रिव्हेट, मागे वॉशर घालून. सनबोर्ड चिकटतो म्हणून तो घेऊ नका, तो पीव्हीसीचा फोम आहे आणि एका ठोक्यात तुकडा पडतो. शीट घेताना उन्हाला टिकणारी, म्हणजे यूव्ही स्टॅबिलाइझ्ड आहे का ते विचारा. साधी शीट वर्ष-दोन वर्षांत ठिसूळ होते. नख दाबल्यावर पांढरी रेघ उठून चिरत असेल तर बदला.

चारही चाकांना सपाट झाकणे लावावीत का?
— एक वाचक, गारगोटी

पुढच्या चाकांना नको. उतारावर ब्रेकची बहुतेक उष्णता पुढच्या डिस्कमध्ये असते आणि तिला हवा लागते. तुमच्या बाजूला घाट रोजचेच. मागच्या चाकांना २ मिमी एबीएस प्लॅस्टिकची चकती चालेल, मात्र ती किमान पाच जागी यांत्रिक पकडीने बसवा आणि हवा भरायच्या व्हॉल्व्हला भोक ठेवा. नुसत्या केबल टायवरची चकती सुटली तर मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाते.

दूध वाहतुकीच्या टेंपोला मागे चौकोनी बंद बॉडी आहे. केबिनपेक्षा ती दोन फूट उंच. स्वस्तात काही करता येईल का?
— एक वाचक, गोकुळ शिरगाव

या पानावरच्या सगळ्या प्रश्नांत खरा फायदा तुमचाच आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ड्रायडन केंद्रात एका व्हॅनवर पत्र्याचे चौकोनी खोके चढवून प्रयोग केले. खोक्याच्या उभ्या आणि आडव्या कडा गोल केल्यावर हवेचा विरोध निम्म्याहून अधिक घटला. ट्रकच्या टपावरचे आजचे डिफ्लेक्टर याच अभ्यासाच्या वाटेने आले.

तुमच्या बॉडीचा केबिनच्या वर डोकावणारा दोन फुटांचा पट्टा थेट वाऱ्याला भिडतो. त्याच्या वरच्या आणि दोन्ही उभ्या कडांना १० ते १५ सेंमी त्रिज्येची गोलाई द्या. २०० मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप लांबीत चार भागांत चिरला की १० सेंमी त्रिज्येची चार पन्हळे मिळतात. ती बॉडीच्या पुढच्या तोंडावर अशी बसवा की पन्हळाची एक कड बाजूच्या पत्र्याशी सपाट मिळेल आणि दुसरी समोर येईल. मधली जागा ५ मिमी सनपॅकने भरा, मागे अॅल्युमिनियमच्या अँगलचा सांगाडा घाला. बॉडी पुढे १० सेंमी वाढते, म्हणून केबिन आणि बॉडीमधली फट आधी मोजा. खड्ड्यात केबिन आणि बॉडी वेगवेगळ्या हलतात, किमान ५ सेंमी मोकळे राहिले पाहिजे. फट मोठी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना बॉडीच्या बाजूने रबराचे पडदे सोडा, केबिनच्या बाजूने बांधू नका. रुंदी मात्र तसूभरही वाढू देऊ नका.

गावोगावी थांबत दूध गोळा करणाऱ्या गाडीला याचा उपयोग नाही. पुण्या-मुंबईला रात्री सलग धावणाऱ्या गाडीला आहे.

हे सगळे करून खरेच किती फरक पडतो, ते घरच्या घरी मोजायचे कसे?
— एक वाचक, जयसिंगपूर

आधी हिशेब मांडू, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, इथे हवेची घनता घनमीटरला १.१ किलोच्या आसपास येते. साधारण हॅचबॅकचा समोरचा पृष्ठभाग २.१ चौरस मीटर आणि विरोधाचा गुणांक ०.३४ धरला, तर हवेचा विरोध ६० किमीला सुमारे ११० न्यूटन, ८० ला १९५ आणि १०० ला ३०० न्यूटन होतो. टायरचा विरोध सगळ्या वेगांना साधारण १२० न्यूटन. म्हणजे साठच्या पुढे हवा टायरांवर मात करते, त्याखाली या भागांना फारसा अर्थ नाही.

पट्टी आणि पुढचा ट्रे मिळून हवेचा विरोध ५ टक्के कमी झाला असे धरा. ८० च्या वेगाला एकूण विरोध ३ टक्के घटतो. २० किमी देणारी गाडी फार तर २०.६ देईल. उलट १०० ऐवजी ८० ने गेलात तर एकूण विरोध एक चतुर्थांशाने घटतो. टपावरचा रिकामा कॅरियर काढायला तर खर्चच नाही. हे दोन उपाय आधी करा, मग कात्री हातात घ्या.

मोजायचे असेल तर पहाटे, वारा नसताना, सपाट आणि रिकाम्या रस्त्यावर ७० चा वेग घ्या, इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये टाका आणि ७० वरून ५० वर यायला लागणारे सेकंद मोजा. चालकाने फक्त गाडी चालवावी, मोजणारा शेजारी बसलेला असावा. उतारावर किंवा घाटात ही चाचणी करायची नाही. अशा गाडीला सुमारे २५ सेकंद लागतात आणि ५ टक्के सुधारणेने त्यात अर्ध्या सेकंदाच्या आसपासच भर पडते. एवढा फरक एका धावेत दिसत नाही. दोन्ही दिशांनी किमान पाच-पाच धावा, टायर गरम झाल्यानंतर, त्याच हवेच्या दाबाने, त्याच वजनाने करा. पट्टी काढून तितक्याच, पुन्हा लावून तितक्याच. लावल्या-काढल्याने आकडे मागेपुढे होत नसतील तर फरक नाही असेच समजा.

हवा कुठे चिकटून वाहते आणि कुठे सुटते हे बघायला लोकरीचे ६ सेंमीचे धागे दर १० सेंमीवर मास्किंग टेपने लावा आणि शेजारच्या गाडीतून ५० ते ६० च्या वेगाला व्हिडिओ घ्या. धागा सरळ मागे पडला तर हवा चिकटलेली, गरगरला किंवा पुढे वळला तर सुटलेली. हॅचबॅकच्या मागच्या काचेवर धागे गरगरणारच, तिथे घरगुती पट्टी लावून काही साधत नाही.

कॉलेजच्या रेसिंग टीमसाठी गाडी करतोय. खालच्या ट्रेला बाजूने रबराचे स्कर्ट (जमिनीपर्यंत येणारे पडदे) लावून डाउनफोर्स, म्हणजे गाडीला जमिनीकडे दाबणारा जोर, वाढवायचा विचार आहे.
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

स्पर्धेचे नियमपुस्तक आधी वाचा. अशा स्कर्टचा इतिहास बंदीचा आहे. १९७० मध्ये शॅपरल टू-जे या अमेरिकी शर्यतीच्या गाडीने लेक्झान प्लॅस्टिकचे स्कर्ट जमिनीलगत सरकते ठेवून, वेगळ्या इंजिनवर चालणाऱ्या पंख्यांनी पोटाखालची हवा उपसली. त्या हंगामानंतर तिच्यावर बंदी आली. फॉर्म्युला वनमध्ये सरकते स्कर्ट १९८१ मध्ये बंद झाले.

नियमाने परवानगी असली तरी नुसते लोंबते रबर तुमचे काम करणार नाही. पोटाखाली दाब कमी झाला की ते आत ओढले जाते आणि तुम्हाला फट बंद हवी असते नेमकी तेव्हाच उघडते. रबराला आतून दर १५ सेंमीवर कडक पट्टी द्या, फक्त खालचे २ सेंमी मोकळे ठेवा. मागचा विंग असेल तर त्याच्या मागच्या कडेला गर्नी फ्लॅप आधी करून बघा. अमेरिकी शर्यतपटू डॅन गर्नी यांनी १९७१ मध्ये रूढ केलेली ही काटकोनातली पट्टी विंगच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या १ ते २ टक्के उंच असते. ३०० मिमीच्या विंगला ३ ते ६ मिमी. अॅल्युमिनियमचा अँगल आणि चार रिव्हेट एवढाच खर्च. ३ मिमीपासून सुरू करा, उंची वाढवाल तसा विरोधही वाढतो.

आरटीओ अडवेल का?
— एक वाचक, कागल

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. म्हणून गाडीची लांबी-रुंदी वाढवू नका, नंबरप्लेट, दिवे, इंडिकेटर झाकू नका, आणि काढता न येणारे काहीही वेल्ड करू नका. टेंपोच्या बॉडीचे काम मोठे आहे, ते करण्याआधी कार्यालयात लेखी विचारून घ्या. विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर दाव्याच्या वेळी न कळवलेला बदल पुढे आला की वाद तिथेच सुरू होतो.